बरोबर नेलेले दुखणे

परदेशी निघालेला माणूस डॉक्टरांकडे गेला की पहिल्यांदा विचारतो, "तिकडे कसली साथ आहे का? कुठली लस घ्यावी लागेल?" हे विचारायलाच हवे, पण सुरुवात तिथून करू नये. परदेशात मरण पावलेल्या प्रवाशांच्या नोंदी अनेक देशांनी तपासल्या आहेत आणि चित्र जवळजवळ सगळीकडे सारखे निघाले आहे. सर्वाधिक मृत्यू हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होतात, त्याखालोखाल अपघातांनी, त्यातही रस्त्यावरच्या. संसर्गाने होणाऱ्या मृत्यूंचा वाटा अगदी थोडा आहे. परक्या मुलखातल्या रोगाची आपल्याला धास्ती वाटते, आणि जिवावर बेतते ते बहुधा घरून बरोबर नेलेले दुखणे.

महाराष्ट्रातून परदेशी जाणाऱ्यांत एक मोठा वर्ग आहे, ज्याच्याविषयी प्रवासाच्या पुस्तकांत फारसे कोणी लिहीत नाही. पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून लेकाकडे किंवा लेकीकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आई-वडील. वय साठ ते पंच्याहत्तर, साखर आणि रक्तदाब दोन्ही सोबतीला, एखाद्याला बसवलेला स्टेंट, गुडघे कुरकुरणारे. त्यात लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई असेल तर तिच्या बॅगेत बाळंतिणीचे सगळे असते, स्वतःच्या गोळ्या मात्र शेवटच्या रात्री आठवतात. हे प्रकरण तिच्यासाठी आहे, आणि तिला तिकीट काढून बोलावणाऱ्या मुलांसाठीही.

प्रथम विमान. ते दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जाते आणि आतली हवा दाबाखाली ठेवलेली असते, पण तो दाब मुंबईच्या हवेइतका नसतो. तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जाणारा प्रवासी पंधरा-सोळा तास कळसूबाईहूनही उंच जागी बसून असतो. धडधाकट माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन ९७-९८ टक्क्यांवरून ९०-९३ पर्यंत उतरतो आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्याचे हृदय अशक्त आहे, ज्याला जुना दमा आहे किंवा ज्याचे हिमोग्लोबिन फारच कमी आहे, त्याला तो उतार झेपेलच असे नाही. सपाटीवर पन्नासेक मीटर चालून किंवा एक जिना चढून धाप लागत असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. काहींना विमानात ऑक्सिजन लागतो. तो विमान कंपनीला आधी कळवून, डॉक्टरांचे पत्र देऊन ठरवावा लागतो.

एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो पूर्ण विरेपर्यंत विमानात बसायचे नाही. बाहेरचा दाब कमी झाला की वायू फुगतो, डोळ्यातला दाब चढतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. मोतीबिंदूच्या साध्या शस्त्रक्रियेला हे लागू नाही, पण आपली शस्त्रक्रिया नेमकी कुठली झाली हे माहीत नसणारे बरेच असतात. विचारून घ्यावे.

दीर्घ प्रवासात पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने यावर केलेल्या अभ्यासाचा अहवाल २००७ मध्ये आला. चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका दुप्पट ते तिप्पट होतो, तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच राहतो, असे त्यात आढळले. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, कर्करोग आहे, नुकतीच खुब्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांचा धोका मात्र पुष्कळच जास्त असतो. त्यांनी डॉक्टरांना विचारून गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे घालावेत. इतरांनी दर तासा-दीड तासाने उठावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी नेमके उलटे करतात. शेजारच्याला उठवायला संकोच वाटतो आणि विमानातल्या अरुंद शौचालयाचा कंटाळा येतो, म्हणून पाणीच पीत नाहीत. काही जण रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी त्या दिवशी आपल्याच मनाने गाळतात. काही जण झोपेची गोळी घेऊन आठ तास एकाच कुशीवर निपचित पडतात, पाय हलतच नाहीत. जाण्या-येण्याच्या वाटेकडची जागा मागून घेतली की संकोचाचा निम्मा भाग आपोआप सुटतो.

आता औषधे. ती सगळी हातातल्या बॅगेत हवीत, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इनची बॅग एखाद्या दिवशी दुसऱ्याच शहरात उतरते. शिवाय विमानाच्या पोटातल्या थंडीत इन्सुलिन गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. चिठ्ठीवर औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहून घ्यावे, कारण बाजारातले नाव सीमा ओलांडली की दगा देते. फ्लोमॅक्स या नावाने अमेरिकेत प्रोस्टेटची गोळी मिळते, इटलीत त्याच नावाने सूज कमी करणारे वेगळेच औषध विकले जाते. काही मूळ नावेही देशागणिक बदलतात. आपल्या पॅरासिटामॉलला अमेरिकेत अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. तापासाठी घरून आणलेली गोळी घेऊन वर तिथल्या दुकानातले सर्दीचे औषध घेतले, तर तेच पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाते. फार झाले की ते यकृताला इजा करते.

आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधे एकत्र करून देण्याची पद्धत आहे. साखरेची दोन औषधे एकात, रक्तदाबाची तीन एकात. यातल्या कित्येक जोड्या परदेशात मिळतच नाहीत. गोळ्या संपल्या तर तिथला डॉक्टर वेगवेगळ्या गोळ्या लिहून देऊ शकतो, पण त्यासाठी आपल्या गोळीत काय किती मिलिग्रॅम आहे हे त्याला कळले पाहिजे. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अमेरिकेतला औषधविक्रेता गोळ्या देत नाही. म्हणून पुरेसा साठा नेण्याचा प्रश्न येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधे नेता येतात. मुक्काम त्याहून मोठा असेल, तर पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आणि डॉक्टरांचे पत्र जोडून उरलेली औषधे मागवण्याची सोय आहे. सहा महिन्यांचा बेत असलेल्यांनी ही व्यवस्था निघण्यापूर्वीच घरातल्या कोणावर तरी सोपवून ठेवावी.

दुबईला जाणाऱ्यांनी आणखी सावध राहावे. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके नियंत्रित यादीत आहेत. ती न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. आपल्याकडे झोपेसाठी सर्रास दिली जाणारी अल्प्राझोलामही अनेक देशांत अशीच नियंत्रित आहे. आणि खसखस तर अमिरातीत सरळ बंदीच्या यादीत आहे, सिंगापूर आणि सौदी अरेबियातही. लेकीसाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांत, अनारशांवर ती असते आणि आईच्या मनात तिच्याविषयी शंकेला जागाच नसते. दुबईच्या बाळंतपणाचे लाडू खसखशीविना वळावेत. चवीत थोडे उणे पडेल, तेवढे सोसावे.

मधुमेहींसाठी मी जरा थांबणार आहे, कारण इथे अगदी लहानशी चूक जिवावर येते. भारतात कुपीतून मिळणारे बरेचसे इन्सुलिन अजूनही एका मिलिलिटरमध्ये ४० एकक या ताकदीचे असते आणि त्यासाठीची सिरिंजही त्याच मापाची, लाल टोपणाची. अमेरिकेत आणि बहुतेक पाश्चात्त्य देशांत कुपीत एका मिलिलिटरमध्ये १०० एकक असतात, सिरिंज नारिंगी टोपणाची. समजा, इथले इन्सुलिन संपले आणि मुलाने तिकडची कुपी आणून दिली. वडिलांनी सवयीने आपल्या लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध ओढले. ते अर्धा मिलिलिटर झाले, म्हणजे २० च्या जागी ५० एकक शरीरात गेले. एवढ्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. उलटी चूकही होते. आपली कुपी आणि तिकडची सिरिंज असली तर २० च्या खुणेवर फक्त ८ एकक मिळतात आणि साखर चढत राहते. पेनमधले नेहमीचे इन्सुलिन मात्र आपल्याकडेही १०० एककांचे असते, आणि पेनवर एकक मोजून दिलेले असतात. म्हणून परदेशी जाणाऱ्याने निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून कुपीवरून पेनवर यावे, हात बसू द्यावा आणि मगच निघावे. मला हा या प्रकरणातला सर्वांत मोलाचा सल्ला वाटतो.

साखर मोजण्याचे मापही सगळीकडे एक नाही. अमेरिकेत आपल्यासारखेच मिलिग्रॅममध्ये आकडे येतात, पण ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मिलिमोल वापरतात. तिथल्या यंत्रावर ७ दिसले तर ते आपले १२६, कारण आकड्याला १८ ने गुणायचे असते. ४ दिसले तर आपले ७२, आणि त्याखाली उतरले की लगेच काही तरी गोड खायचे. लंडनला मुलीकडे राहणाऱ्या बाईंना यंत्रावर ३.२ दिसले आणि हा आकडा वाईट की चांगला हेच त्यांना कळले नाही, असे होता कामा नये. त्यापेक्षा आपले यंत्र आणि पट्ट्या घरूनच न्याव्यात.

प्रवासाच्या दिवशी घड्याळ गोंधळ घालते. भारतातून पश्चिमेकडे, न्यूयॉर्कला जाताना तो दिवस उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांनी लांबतो. येताना तेवढाच आखूड होतो. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन केव्हा घ्यायचे, त्याची मात्रा किती करायची, हे तासांसह कागदावर लिहून घ्यावे. जेवणाआधीचे इन्सुलिन विमानात ताट समोर येईपर्यंत टोचू नये. हवा खराब झाली की जेवण वाटणे तासभर थांबते, आणि टोचलेले इन्सुलिन कोणासाठी थांबत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनाही हाच नियम. उपासाचेही तेच. उन्हाळ्यात अमेरिकेत सूर्यास्तच रात्री साडेआठच्या सुमारास होतो, त्यामुळे संकष्टीचा चंद्रोदय अकराच्या आसपास जाऊ शकतो. इथे निभणारा उपास तिथे त्याच गोळ्यांसह निभेलच असे नाही. ज्या आजी गोळी घेतात त्यांनी त्या दिवशी लवकर काहीतरी खावे, किंवा तेवढे महिने संकष्टी सोडावी. गणपती रागावणार नाही.

शरीराचे आतले घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने नव्या वेळेवर येते, पश्चिमेकडे जाताना थोडे जास्त भराभर. पहिला आठवडा झोप मोडते, भूक चुकीच्या वेळी लागते, चिडचिड होते. सकाळच्या उजेडात फिरणे हा अमेरिकेहून परतल्यावर भारतातला उत्तम उपाय आहे. तिकडे पोचल्यावर पहिले काही दिवस दुपारी उशिरापर्यंत बाहेर राहावे. बाळंतपणाला गेलेल्या आईला मात्र हा आठवडा मिळतच नाही. बाळ रात्री रडते, लेक थकलेली असते, आणि आजी उठते. मुलांनी तिला पहिले पाच-सहा दिवस रात्रीची पाळी देऊ नये, एवढे तरी करावे. आणखी एक गोष्ट निघण्याआधीच उरकावी. नवजात बाळाला डांग्या खोकल्याचा मोठा धोका असतो आणि तो बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो. म्हणून बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्र लस निदान दोन आठवडे आधी घेतलेली असावी, असे तिकडचे डॉक्टर सांगतात. ही लस आपल्याकडे मिळते. सोबत फ्लूची लसही घ्यावी.

विमा हा कंटाळवाणा विषय वाटतो, पण अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची बचत इथेच बुडते. युरोपच्या शेंगेन देशांचा व्हिसा हवा तर किमान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे. अमेरिका विम्याची सक्ती करत नाही, आणि उपचार सर्वांत महाग तिथेच. १९८६ च्या एका कायद्यामुळे तिथल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाला समोर आलेल्या माणसाला, पैसे असोत वा नसोत, तपासून स्थिर करावेच लागते. पण बिल मागाहून येते, आणि ते येतेच. पाहुण्यांसाठीच्या विम्यात दोन जाती आहेत. एकीत प्रत्येक उपचाराला ठरावीक रक्कम मिळते, मग बिल कितीही असो. ही स्वस्त पडते आणि संकटात अपुरी पडते. दुसरीत सुरुवातीची काही रक्कम आपण भरली की पुढच्या खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचलते. आई-वडिलांसाठी दुसरीच घ्यावी.

खरी मेख आधीपासूनच्या आजारांच्या कलमात असते. बहुतेक विमे जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार देत नाहीत. त्या आजाराने अचानक उचल खाल्ली तरच, वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत, काही तासांच्या आत उपचार घेतले असले तर पैसे मिळतात. ते कलम विकत घेण्याआधी शब्दशः वाचावे आणि वडिलांनाही वाचून दाखवावे. साखर लपवून घेतलेला स्वस्त विमा हा विमाच नव्हे. पहिला दावा आला की कंपनी जुने कागद मागते. आणि छातीत दुखू लागले तर 'मुलाला खर्च नको' म्हणून रात्र काढणारे वडील आपल्यात पुष्कळ आहेत. हृदयविकारात पहिले काही तासच मोलाचे असतात. मुलांनी त्यांना आधीच बजावून सांगावे, विमा घेतलाय तो त्याचसाठी, दुखले की लगेच सांगायचे, ९११ फिरवायचा. युरोपात हाच क्रमांक ११२ आहे.

मग ते लांबलचक दिवस. मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. इथे सकाळी बागेत चार फेऱ्या मारणारा माणूस तिथे सोफ्यावर बसून राहतो आणि तीन महिन्यांत वजन, साखर, रक्तदाब सगळेच वाढते. मनही खचते. रोजचे चालणे ठरवून ठेवावे, आणि चालायला निघाल्यावर एक गोष्ट अंगवळणी पाडावी. भारतात रस्ता ओलांडताना आपली मान आधी उजवीकडे वळते. अमेरिकेत, दुबईत, बहुतेक युरोपात वाहने पहिल्यांदा डावीकडून येतात. साठ वर्षांची सवय एका आठवड्यात जात नाही. सिग्नल असेल तिथेच ओलांडावे आणि मान दोन्हीकडे दोनदा फिरवावी.

अमेरिकेच्या ईशान्य भागात, न्यू जर्सी-कनेक्टिकटकडे, उन्हाळ्यात गवतात गोचीड असते. तिची पिल्ले जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी. लाइम नावाचा रोग तिच्यापासून होतो. कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून त्याला हे नाव पडले. गोचीड अंगाला चिकटल्यावर रोग पसरायला बहुधा एका दिवसाहून जास्त वेळ लागतो. म्हणून मागच्या अंगणात काम करून आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, गुडघ्यांची मागची बाजू चाचपून पाहावी. कातडीवर लाल चट्टा दिवसेंदिवस पसरत चालला तर डॉक्टरांना दाखवावे. प्रतिजैविकांनी हा रोग बरा होतो. भारतात परतल्यावर चट्टा उठला तर इथल्या डॉक्टरांना गोचिडीची गोष्ट आवर्जून सांगावी.

लस आणि साथ हा विषय खरोखर महत्त्वाचा ठरतो तो केनिया-टांझानियाच्या सफारीला जाताना. पीतज्वराची लस जाण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालते. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे. म्हणून केनियातून परतताना प्रमाणपत्र नसले तर सहा दिवस अलग ठेवतात. साठीपुढच्यांना या लसीचे दुष्परिणाम अधिक संभवतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलून मगच ठरवावे. हिवतापाबाबत 'आपल्याकडे काय डास नाहीत?' हा विश्वास घातक आहे. आफ्रिकेतला हिवताप मुख्यतः मेंदूपर्यंत जाणाऱ्या फॅल्सिपेरम जातीचा असतो. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात आणि परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. हजला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची लस सक्तीची आहे, पण २०२४ च्या हजमध्ये १,३०० हून अधिक माणसे गेली ती प्रामुख्याने उन्हाने. मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला होता. वयस्कर यात्रेकरूंनी दुपारच्या उन्हात चालणे टाळावे, छत्री आणि मिठा-साखरेचे पाणी हाताशी ठेवावे.

आणि एक प्रवास आपण परदेशप्रवास मानतच नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला किंवा लंडनला जन्मलेले नातवंड दिवाळीत पुण्याला येते, तेव्हा त्याच्यासाठी पुणे हाच परदेश असतो. आई-वडिलांना वाटते, आपण इथेच वाढलो, मुलाला काय होणार? ब्रिटनमध्ये आढळणारा विषमज्वर बहुतांशी भारतीय उपखंडात जाऊन आलेल्यांना झालेला असतो, आणि त्यात आजोळी आलेली मुले पुष्कळ. त्यांना विषमज्वराची आणि कावीळ 'ए'ची लस निघण्यापूर्वी द्यावी. सहा महिन्यांहून मोठ्या तान्ह्या बाळाला गोवराची लस ठरलेल्या वेळेआधीच देतात. आजीने पिण्याचे पाणी आणि बर्फाचे पाणी, दोन्ही उकळलेले वापरावे, आणि रस्त्यावरच्या पाणीपुरीचा हट्ट घरी पुऱ्या आणून पुरवावा. इतके करूनही परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत मुलाला ताप आला, तर भारतात जाऊन आलो हे तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. त्यांनी विचारण्याची वाट पाहू नये.